पाणी प्यालेला फोन

वर्षाकाळ सुरू झाला कीं मीठ पाझरूं लागतें, पापड सादळतात, भिंतींना ओल येते. आणि अलीकडे या जुन्या तक्रारींत आणखी एकीची भर पडली आहे. कोणाचा तरी स्मार्टफोन भिजतो. कधीं छत्री उघडतांना तो खिशांतून डबक्यांत पडतो, कधीं न्हाणीघरांत बादलींत जातो, तर कधीं ताटाशेजारीं ठेवलेला असतांना त्यावर आमटीची वाटी लवंडते. पूर्वीं घरांत एकच दूरध्वनि असे व तो आपल्या तिवईवरून हालत नसे. आज घरांत जितकीं मोठीं माणसें तितके फोन, आणि ते माणसांबरोबर स्वयंपाकघरापासून देवघरापर्यंत सर्वत्र हिंडतात. तेव्हां हा प्रसंग प्रत्येक कुटुंबावर केव्हां ना केव्हां यावयाचाच. तो आल्यावर काय करावें याविषयीं मात्र सुशिक्षित घरांतहि विलक्षण समजुती आढळतात. म्हणून या महिन्यांत त्याचाच विचार करण्याचें योजिलें आहे.

पाणी फोनचें नेमकें काय बिघडवितें हें प्रथम समजून घेतलें पाहिजे; कारण एकदां मूळ कळलें कीं उपाय पाठ करावे लागत नाहींत. पुष्कळांची कल्पना अशी कीं पाणी आंत शिरलें म्हणजे फोन संपला. वस्तुतः शुद्ध पाणी हें विजेचें फार दुर्बळ वाहक आहे. परंतु नळाचें, विहिरीचें किंवा डबक्यांत साचलेलें पाणी शुद्ध नसतें. त्यांत क्षार विरघळलेले असतात, आणि त्यांमुळें त्यांतून वीज वाहूं शकते. फोनच्या पोटांत विजेकरितां तांब्याच्या अतिशय बारीक वाटा आंखलेल्या असतात. दोन वाटांमध्यें पाण्याचा थेंब आला कीं वीज आपली वाट सोडून त्या थेंबावरून भलतीकडे जाते, व एखादा नाजूक भाग तत्क्षणीं जळतो. हा झाला पहिला घात.

दुसरा घात सावकाश होतो. ओल, क्षार आणि वीज यांची गांठ पडली म्हणजे धातु झिजूं लागतो. बिनकल्हईच्या पितळी पातेल्यांत ताक ठेवलें तर तें कळकतें, आणि ओलसर राहिलेल्या तांब्याच्या भांड्यावर हिरवट जंगाल चढतो, हें आपल्या घरांत कोणास सांगावयास नको. तशांतलाच प्रकार फोनच्या आंत होतो. मात्र तेथें वीज खेळत असल्यामुळें तो अधिक झपाट्यानें होतो. वरून पुसलेला फोन दोन दिवस उत्तम चालून तिसऱ्या दिवशीं एकाएकीं बंद पडतो, त्याचें रहस्य पुष्कळदां हेंच असतें. एवंच, पाणी एकटें तितकें वैरी नाहीं. पाणी व वीज यांचा संयोग हें खरें संकट होय. म्हणून पाणी काढण्याच्याहि आधीं वीज थांबविली पाहिजे.

यावरून पहिलें कर्तव्य उघड होतें. फोन पाण्यांतून काढतांच तो बंद करावा. तो चार्जरला लावलेला असल्यास आधीं भिंतीवरील बटण बंद करून मग तार काढावी. ‘चालतो आहे ना, एवढें पाहूं’ हा मोह निग्रहानें आवरावा. बरे होऊं शकले असते असे कित्येक फोन या पाहण्यापायींच जातात. पडदा ओला असला म्हणजे त्यास बोटाचा स्पर्श नीट कळत नाहीं, सबब तो आधीं पुसावा. पुष्कळ फोनांत कडेचें बटण आणि आवाजाचें बटण हीं एकत्र दाबून धरलीं असतां फोन बंद करण्याचा पर्याय पडद्यावर येतो. आपल्या फोनची ही किल्ली घरांतील प्रत्येकानें आजच करून पाहावी. ऐन वेळीं ती शोधीत बसणें बरें नव्हे.

फोन बंद झाल्यावर त्याचें बाहेरील कव्हर काढावें, सिम-कार्डाची तबकडी ओढून घ्यावी, व मऊ सुती कापडानें सर्व बाजू टिपाव्या. चार्जिंगचें भोंक खालीं येईल असा फोन धरून तळहातावर हलकेच आपटावा, म्हणजे आंतील पाणी ओघळेल. जोरानें झटकूं नये, फुंकर मारूं नये, आणि भोंकांत कापसाची काडी, सुई किंवा कागदाची सुरळी घालूं नये. त्यानें पाणी अधिकच आंत जातें. आजच्या बहुतेक फोनांची बॅटरी आंत चिकटवून बसविलेली असते. ती उकलण्याच्या खटपटीस घरीं लागूं नये. नंतर फोन कोरड्या जागीं, सावलींत, पंख्याच्या वाऱ्यावर ठेवून द्यावा. नुसता शिंतोडा असेल तर एक अहोरात्र, आणि पुरता बुडाला असेल तर दोन दिवस तरी त्यास हात लावूं नये.

आतां तांदळाच्या डब्याविषयीं. भिजलेला फोन तांदळांत पुरून ठेवण्याचा प्रघात सर्वत्र आहे व त्यावर लोकांची श्रद्धाहि दांडगी आहे. परंतु तांदूळ हवेंतील थोडीशी ओल टिपतो, फोनच्या पोटांतील थेंब ओढून घेत नाहीं. आणि पावसाळ्यांत तो स्वतःच दमट असतो. उलट त्याचा भुगा व पीठ भोंकांत शिरतें. ॲपल कंपनीनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या सूचनांत, बारीक कणांनीं अपाय होईल म्हणून फोन तांदळाच्या पिशवींत ठेवूं नये, असें स्पष्ट सांगितलें आहे. मग तांदळानें फोन बरे झाल्याचे अनुभव खोटे काय? खोटे नव्हेत, पण तो काकतालीय न्याय आहे. तांदळांत पुरलेला फोन दोन दिवस बंद राहतो, कोणी त्यास छेडीत नाहीं. गुण त्या विश्रांतीचा, श्रेय मात्र तांदळास! बुटांच्या खोक्यांत सिलिका जेलच्या पुड्या येतात, त्या साठवून ठेवल्या असल्यास फोनबरोबर बंद डब्यांत घालाव्या. तांदळाहून त्या बऱ्या. नसल्या तरी अडत नाहीं. मात्र त्या लहान मुलांच्या हातीं लागूं देऊं नयेत.

तांदळाहून घातक समजूत उष्णतेची. केस वाळविण्याचें यंत्र, शेगडीची ऊब, दुपारचें ऊन, यांपैकीं कशाचाहि आश्रय करूं नये. फोन ठेवण्याच्या जागेची उष्णता ४५ अंश सेल्सिअसपेक्षां अधिक नसावी, असें ॲपलचेंच सांगणें आहे. अति उष्णतेनें फोनच्या सांध्यांतील चिकटवण सैल होतें आणि बॅटरी बिघडते. बॅटरी फुगली, फोन बंद असूनहि गरम लागूं लागला, किंवा उग्र वास आला, तर त्यास चार्जर कदापि लावूं नये; अंथरुणापासून व मुलांपासून दूर ठेवून जाणत्या कारागिरास दाखवावा.

‘आमचा फोन पाण्यास दाद देत नाहीं,’ असें पुष्कळजण अभिमानानें सांगतात. त्याचा अर्थहि नीट समजून घेतला पाहिजे. खोक्यावर ‘आयपी ६७’ असें छापलेलें असतें, त्यांतील ६ हा आंकडा धुळीपासून संरक्षण दाखवितो. आणि ७ याचा अर्थ एक मीटर खोल पाण्यांत तीस मिनिटें टिकाव. ८ असल्यास खोली व वेळ निर्माता स्वतः ठरवितो. ही परीक्षा नव्या फोनची, प्रयोगशाळेंत, स्वच्छ पाण्यांत घेतलेली असते. तोच फोन दोनदां फरशीवर आपटला, एकदां उघडून दुरुस्त झाला, कीं तें कवच पूर्वींचें राहत नाहीं. शिवाय समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यापुढें नळाचें पाणी सौम्यच म्हणावें लागेल. असा संरक्षित फोन समुद्रांत पडला किंवा त्यावर चहा सांडला, तर तो बंद करून स्वच्छ गोड्या पाण्यानें हलक्या हातानें धुवावा, म्हणजे क्षार व साखर निघून जाते. परंतु ज्या फोनास हें संरक्षण नाहीं तो धुवूं नये. तो बंद करून शक्य तितक्या लवकर कारागिराकडे न्यावा. तो फोन उघडून अल्कोहोलनें व बारीक ब्रशानें आंतील क्षार काढतो. हें काम घरच्या कोणत्याहि युक्तीनें होत नाहीं. पाण्यानें झालेला बिघाड कंपन्यांच्या सामान्य हमींत बहुधा येत नाहीं, हेंहि ध्यानांत असावें.

फोन दुसरा मिळतो. त्यांत सांठविलेलें पुन्हां मिळत नाहीं. दिवंगत आजोबांचा आवाज, नातीच्या बारशाचीं छायाचित्रें, हीं कोणत्या दुकानांत विकत घेणार? आजच्या फोनांतील मजकूर सांकेतिक कुलुपांत बंद असतो. म्हणून निकामी झालेल्या फोनांतून नुसती स्मरणचकती काढून तो वाचतां येत नाहीं, बहुधा तो फोनच पुन्हां चालता करावा लागतो. यास्तव छायाचित्रांची प्रत दर महिन्यास दुसऱ्या ठिकाणीं काढून ठेवण्याचें काम घरांतील एखाद्या तरुणाकडे सोंपवावें. सिम-कार्ड सुस्थितींत असेल तर तें दुसऱ्या फोनांत घातल्यावर बँकेचे संदेश मिळूं लागतात. यूपीआयची नोंदणी मात्र त्या फोनावर नव्यानें करावी लागते.

शेवटीं एक गोष्ट यंत्राची नसून घराची आहे. एकत्र कुटुंबांत फोन भिजविणारा हात बहुधा लहानाचा किंवा नव्या सुनेचा असतो, आणि फोन असतो वडीलधाऱ्यांचा. बोलणीं खावीं लागतील या भयानें तो पदरानें पुसून, तसाच चालू ठेवून, मुकाट्यानें जागेवर ठेवला जातो. वर सांगितलेला सारा घात त्या मौनाच्या घटकाभरांत होतो. पेला फुटला तर रागावण्यास सवड असते, कारण तो आणखी फुटत नाहीं. भिजलेला फोन आपलें रागावणें संपेपर्यंत थांबत नाहीं. म्हणून मोठ्यांनीं आजच घरांत जाहीर करावें कीं, फोन पाण्यांत पडला तर जो तत्काळ तो बंद करून येऊन सांगेल त्यास कोणी एक शब्दहि बोलणार नाहीं. आणि मग प्रसंग आल्यावर तो शब्द पाळावा. वर सांगितलेल्या सर्व उपायांचा आरंभ तेथूनच होतो.