राजकुळाचा शोध आणि विसरलेली कुळे

स्कॉटलंड सोडून कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलियात शेती करायला गेलेल्यांचे लाखो वंशज आज तेथे आहेत. त्यांच्यात वंशावळ शोधण्याचे मोठे वेड आहे. खापरपणजोबा कोणत्या जहाजाने आला येथून शोध सुरू होतो आणि पुष्कळदा रॉबर्ट ब्रूस किंवा स्टुअर्ट घराण्याच्या एखाद्या राजापाशी येऊन थांबतो. मग नांगर धरणाऱ्या आपल्या घराण्यात राजरक्त आहे, असे अभिमानाने सांगितले जाते. आपले मूळ शोधण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे, हा शोध राजापाशीच का थांबतो?

आधी साधे गणित पाहू. आई-वडील दोन, आजी-आजोबा चार, त्यामागे आठ. असे दुप्पट करीत गेले की पंचविसाव्या पिढीत ही संख्या 3 कोटी 35 लाखांवर जाते. रॉबर्ट ब्रूस 1329 साली वारला. तेव्हापासून आजवर साधारण एवढ्याच पिढ्या होतात. आता स्कॉटलंडची लोकसंख्या पाहा. 1801 च्या पहिल्या शिरगणतीतही ती जेमतेम 16 लाख होती. म्हणजे तेच ते पूर्वज वंशवृक्षात पुन:पुन्हा येतात. ज्याच्या वंशवृक्षात राजा आहे, त्याच्या वंशवृक्षात त्या राजाचा मोतद्दार, धोबीण आणि भिकारीही असणारच. राजवंशज असणे ही दुर्मिळ गोष्ट नाही. दुर्मिळ आहे तो कागद.

आणि कागद कोणाचा टिकतो? स्कॉटलंडमधील चर्चच्या जन्म-लग्नाच्या उपलब्ध नोंदवह्यांत सर्वांत जुनी 1553 ची. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी तर 1855 साली सुरू झाली. त्याआधीच्या गरिबाचे नाव सापडणे मुश्कील. जमीनदाराचे नाव मात्र सनदेत, मृत्युपत्रात, कोर्टकज्जात, सगळीकडे आहे. त्यामुळे कागदाची वाट धरली की ती गढीच्याच दारात जाते.

ज्या राजकुळाचा एवढा अभिमान, ते तरी कुठले? ब्रूस घराणे मूळचे नॉर्मंडीचे. स्टुअर्टांचे पूर्वज ब्रिटनीतून आले आणि राजाच्या घरचा कारभार पाहण्याच्या हुद्द्यावरून त्यांना हे आडनाव पडले. म्हणजे राजेही स्थलांतरित, आणि नाव चाकरीचे! पुढे दुसऱ्या चार्ल्सच्या काळात, 1684 साली, याकोब द वेट या डच चित्रकाराला एडिंबरोच्या होलीरूड राजवाड्यासाठी 110 राजांची चित्रे काढण्याचे काम दिले गेले. त्यातले अनेक राजे कधी होऊनच गेले नव्हते. सत्तेला जुने पूर्वज लागतात. ते नसले तर रंगवून घेतले जातात. 1674 साली शिवरायांच्या राज्याभिषेकासाठी वंशावळ का शोधावी लागली, हे जाणणाऱ्या आमच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही.

आपल्या भाषेत कूळ म्हणजे वंश आणि कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. या वंशजांचे खरे पूर्वज दुसऱ्या अर्थाची कुळे होती. सदरलँडच्या जहागिरीत मेंढपाळीत जास्त पैसा दिसला, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या या कुळांना हुसकावण्यात आले. 1814 साली स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात घरे पेटवली गेली. कारभारी पॅट्रिक सेलर याच्यावर 1816 साली खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. किल्डोनन खोऱ्यातली काही कुटुंबे 1813 मध्ये जहाजाने निघाली आणि आज जेथे विनिपेग शहर आहे तेथील रेड नदीच्या वसाहतीत पोचली. तेथे मूळनिवासी सोल्टो लोकांचा प्रमुख पेग्विस त्यांच्या मदतीला आला. ज्यांनी घर जाळले त्यांच्या गोतात नाव शोधायचे, आणि ज्याने आधार दिला त्याची आठवणही ठेवायची नाही, हा कुठला न्याय?

रक्ताचेच मोल असते तर रॉबर्ट वेडरबर्नला दार उघडले असते. स्कॉटलंडच्या सरदार घराण्यातला मळेवाला जेम्स वेडरबर्न आणि जमैकातील गुलाम स्त्री रोझाना यांचा हा मुलगा. एडिंबरोजवळच्या इन्व्हरेस्कला तो बापाच्या दारात गेला, पण बापाने त्याला हाकलून दिले. 1824 साली त्याने गुलामगिरीच्या भीषणतेवर पुस्तक लिहिले. त्यात ही हकीकत आहे. रक्त तेच होते, पण आई गुलाम होती. मग रक्ताचा हा अभिमान नेमका कशाचा?

जन्मावरून माणसाची किंमत ठरवू नका, असे बाबासाहेब आयुष्यभर सांगत राहिले. ती लढाई एका देशाची नाही. वंशावळ जरूर लिहावी. पण तिच्यात जमीन कोणी कसली, कोणी हिसकावली, कोण उपाशी जहाजात चढले, हेही लिहावे. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांची नावे कोणत्याही दप्तरात मानाने लिहिलेली नाहीत. त्याची लाज त्यांनी बाळगू नये, ती दप्तर लिहिणाऱ्यांना वाटली पाहिजे. घरात म्हातारी माणसे असतील तर आजच त्यांना विचारा आणि लिहून ठेवा. त्यात राजा सापडला नाही म्हणून काहीही बिघडत नाही.