खाटेवरचा रुग्ण आणि गोठ्यातला रुग्ण

घरातील कर्ता माणूस रुग्णालयात दाखल झाला की सारे घर त्याच्या खाटेभोवती उभे राहते. पैशांची जुळवाजुळव होते, डब्याची व्यवस्था लागते, रात्रीच्या सोबतीची पाळी ठरते. त्याच वेळी गोठ्यातील म्हैस किंवा दारातील म्हातारा कुत्राही आजारी असेल, तर त्याचा विचार सर्वांत शेवटी होतो. माझ्या मते हा विचार आपण डॉक्टरांनीच आरंभी केला पाहिजे, आणि तोही रुग्णाच्या हितासाठी.

उचगाव, तुरमुरी, बेकिनकेरे या परिसरात जनावर हे घरचेच माणूस मानले जाते. दूध ही अनेक घरांची रोजची मिळकत आहे. परका हात लागला की म्हैस पान्हा चोरते, हे येथील लहान मुलालाही ठाऊक असते. म्हणूनच टाके निघण्यापूर्वी ‘मला घरी सोडा’ असा हट्ट धरणारा रुग्ण आपणांपैकी अनेकांच्या परिचयाचा आहे. आपण त्याला हट्टी ठरवितो, परंतु गोठ्यात कोण आहे, हे विचारीत नाही.

हा अनुभव केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत २००५ सालच्या कतरिना चक्रीवादळात पाळीव प्राण्यांना मागे ठेवून जाण्यास अनेकांनी नकार दिला आणि ते संकटातच राहिले. त्यानंतर २००६ मध्ये तेथे आपत्कालीन योजनांत प्राण्यांचा समावेश करणारा कायदा झाला. २०१७ साली केन्ट स्टेट विद्यापीठातील मेरी बेथ स्पिट्झनागेल व सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दीर्घकाळ आजारी प्राण्याची शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तींत ताण व नैराश्याची लक्षणे निरोगी प्राणी पाळणाऱ्यांपेक्षा अधिक आढळतात, असे त्यात दिसून आले. आपल्याकडे हा भार बहुधा घरातील स्त्रीवर पडतो. पहाटे शेणघाण, दुपारी रुग्णालय, रात्री कुत्र्याचे औषध. या धावपळीत तिचा रक्तदाब कोणीच मोजत नाही.

‘माणसे अत्यवस्थ असताना जनावरांचे काय घेऊन बसलात?’ असा आक्षेप येईल. पैसा आणि मनुष्यबळ अपुरे असेल तर माणसाला अग्रक्रम मिळालाच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु अग्रक्रम ठरविणे वेगळे आणि प्रश्नच न विचारणे वेगळे. जनावरावर किती खर्च झेपेल, हे घरच्यांनी पशुवैद्यासमोर बसून मोकळेपणाने ठरवावे. वेदना असह्य असतील आणि उपाय उरला नसेल, तर शांत मरणाचा पर्यायही त्यांनाच विचारावा. त्यात अपराध नाही. मात्र प्राणी गेल्याची बातमी रुग्णापासून दीर्घकाळ लपवू नये. प्रकृती सावरताच विश्वासातील माणसाने ती सांगावी. घरी परतल्यावर रिकामा गोठा पाहण्याचा धक्का अधिक मोठा असतो.

यात शुद्ध वैद्यकीय भागही आहे. कर्करोगाची औषधे चालू असलेल्या रुग्णाने आजारी प्राण्याचे मलमूत्र हाताळू नये. कुत्र्याच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लसीसाठी तात्काळ जावे. याउलट, निष्कारण भीती दूर करणे हेही आपलेच काम आहे. २०२२ साली कर्नाटक व महाराष्ट्रात लम्पी त्वचारोग पसरला, तेव्हा अनेकांना दुधाचीही धास्ती वाटली. हा रोग डास, माश्या व गोचिडांमार्फत जनावरांत पसरतो, माणसांना होत नाही, आणि उकळलेले दूध सुरक्षित असते.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. रुग्ण दाखल करून घेताना ‘घरी जनावर आहे का? ते आजारी आहे का? त्याला पाहणारे कोण?’ हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर देताना रुग्ण अडखळला, तर एका नातेवाइकाला किंवा शेजाऱ्याला बोलावून ती जबाबदारी त्याच्याकडे सोपवावी. फिरत्या पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हा क्रमांक प्रत्येक दवाखान्यात लावावा. आपल्या सोसायटीने वर्षातून एकदा तरी पशुवैद्य बंधूंना आपल्या सभेस पाचारण करावे. एकाच घरातील दोन रुग्णांवर उपचार करणारे दोन डॉक्टर एकमेकांना ओळखत नसावेत, हे आपल्या व्यवसायास शोभत नाही.