विश्लेषण : पर्यटकांची दिवाळी नागावात, राबणाऱ्यांची कुठे?

लक्ष्मीपूजन आटोपले की मुंबई-पुण्याच्या गाड्या अलिबागच्या दिशेने वळतात. मांडव्याच्या धक्क्यावर लाँच आणि रो-रो बोटी भरून येतात, अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर वाहनांची रांग लागते आणि नागावच्या नारळ-सुपारीच्या वाड्यांमधील कॉटेजांवर ‘फुल्ल’चे फलक चढतात. शहरातल्या माणसाची सुट्टी सुरू होते. मात्र त्याच्यासाठी सुरमई तळणारा, खोल्यांच्या चादरी बदलणारा आणि रात्री फाटक सांभाळणारा माणूस त्याच दिवशी आपल्या घरापासून दोन हजार किलोमीटरच्या आसपास दूर असतो. सण त्याचाही असतो, पण सुट्टी नसते. हा प्रश्न मालकाच्या मोठ्या किंवा छोट्या मनाचा नाही. तो नियोजनाचा आहे आणि सुटण्यासारखा आहे.

नागावात कामाला येते कोण?

अलिबागपासून नऊ-दहा किलोमीटरवरचे नागाव हे मूळचे वाड्यांचे गाव. सुरूच्या बनापलीकडचा किनारा पर्यटकांना सापडला आणि वाडीतल्या दोन खोल्यांच्या चार, चाराच्या दहा झाल्या. घरच्या माणसांवर हा व्याप पेलेना, तेव्हा बाहेरून माणसे आली. उत्तर प्रदेश, बिहार, झारखंडमधून जशी आली, तशी नेपाळमधूनही. कोकणाला नेपाळी माणूस नवा नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील आंबा बागांची राखण, मच्छीमार नौकांवरील खलाशाचे काम, हॉटेलांतील स्वयंपाकघर या तिन्ही ठिकाणी तो वर्षानुवर्षे दिसतो. भारतात मजुरीला येणाऱ्यांत नेपाळच्या सुदूरपश्चिम आणि कर्णाली या डोंगराळ, गरीब भागांतील लोकांचे प्रमाण मोठे आहे. परमुलखाला तिकडे ‘मुगलान’ म्हणतात. नागाव हे त्या मुगलानातलेच एक टोक.

दशैंचे महत्त्व इतके का?

दशैं हा नेपाळचा सर्वांत मोठा सण. आपली घटस्थापना तीच त्यांची, आपला दसरा तीच त्यांची विजयादशमी. फरक इतकाच की त्यांचा सण दसऱ्याला संपत नाही. दही, तांदूळ आणि कुंकू कालवून केलेला टिळा घरातील वडीलधाऱ्यांच्या हातून कपाळी लावून घ्यायचा आणि घटात उगवलेल्या जवाचे कोंब, म्हणजे ‘जमरा’, कानामागे खोवायचे हा दशैंचा गाभा. महाराष्ट्राच्या खेड्यांतही दसऱ्याला घटातले धान्याचे तुरे टोपीत किंवा कानावर खोवतात, तेव्हा हे समजायला मराठी माणसाला अवघड जाऊ नये. टिळ्यासाठी नातेवाइकांच्या घरी जाण्याचा क्रम थेट कोजागरीपर्यंत चालतो. पुढे दिवाळीच्या दिवसांत ‘तिहार’ येतो. त्यात कावळा, कुत्रा, गाय यांची पूजा होते आणि शेवटी भाऊबीज, म्हणजे ‘भाइटीका’. टिळा वडिलांच्या बोटाने लागतो, ओवाळणी बहिणीच्या हाताने होते. त्यामुळे नुसते पैसे पाठवून हे सण साजरे होत नाहीत.

नेपाळच्या २०१७ च्या श्रम कायद्यातही या सणाची दखल आहे. कामगाराला वर्षातून एकदा एका महिन्याच्या मूळ पगाराइतका सणखर्च देणे मालकावर बंधनकारक आहे.

घरी जाणे इतके अवघड का?

नागावहून निघालेल्या माणसाला आधी पनवेल किंवा मुंबई गाठावी लागते. तिथून गोरखपूरकडे जाणारी गाडी, मग सोनौलीची सीमा. सुदूरपश्चिमेचा असेल तर बनबसा किंवा गौरीफंटा. त्यानंतर डोंगरातली बस आणि अखेरची पायवाट. एका बाजूच्या प्रवासात तीन-चार दिवस सहज जातात. चार दिवसांच्या सुट्टीत हा माणूस घरी पोहोचेपर्यंत परतीची वेळ होते. म्हणून त्याला सुट्टी हवी असते ती पंधरा दिवसांची, आणि नेमकी ती मागताना त्याची जीभ अडखळते. त्यात रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी खुले होते आणि सणाच्या गाड्या पाहता पाहता भरतात. सुट्टी मिळणार की नाही हे आठवडाभर आधी कळले, तर त्या ‘हो’चा उपयोग जनरल डब्यात उभे राहण्यापुरताच.

आंबा, मासेमारी आणि पर्यटन यांत फरक काय?

आंब्याच्या बागेतला राखणदार बहुधा दशैं-तिहार उरकून कोकणात उतरतो आणि हंगाम संपला की पावसाआधी परततो. नौकेवरच्या खलाशाला १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या मासेमारी बंदीत घरी जाता येते. सण हुकतो, पण घर हुकत नाही. पर्यटनाचे तसे नाही. दिवाळीची सुट्टी, नाताळ, जोडून आलेले शनिवार-रविवार आणि मे महिना हा त्याचा धंदा. म्हणजे इतरांना सुट्टी असते तेव्हाच इथे काम असते.

यात नागावकरांचे एक भाग्य लपलेले आहे. त्यांचा सर्वांत मोठा सण गणपतीचा, आणि तो येतो पावसाळ्याच्या मंद दिवसांत. कॉटेजला चार दिवस कुलूप लावले तरी फारसे बिघडत नाही. त्यांच्या कामगाराचा सण मात्र हंगामाच्या तोंडावर येतो. दोघांचे कॅलेंडर एकच, तिथीही त्याच, पण कॅलेंडर ज्याला साथ देते त्याला दुसऱ्याची अडचण दिसत नाही.

कोरियात काय होते?

तुलनेसाठी दक्षिण कोरियाकडे पाहता येईल, कारण नेपाळी कामगार तिथेही मोठ्या संख्येने जातात. २००४ मध्ये तिथे परदेशी मजुरांसाठी ‘एम्प्लॉयमेंट परमिट’ पद्धत सुरू झाली आणि २००७ मध्ये नेपाळने तिच्यासाठी करार केला. कोरियाचा मोठा सण ‘छुसक’ शरदातल्या पौर्णिमेला येतो. तीन दिवसांची सरकारी सुट्टी असते, कोरियन माणसे गावी जातात आणि कारखाने थंडावतात. परदेशी कामगार या दिवसांत अन्सानसारख्या स्थलांतरितांच्या वस्त्यांत जमतात, आपल्या देशाचे जेवण रांधतात, घरी लांबलचक व्हिडीओ कॉल करतात. २०२५ मध्ये तर योग जुळून आला. २ ऑक्टोबरला दसरा होता, ३ पासून ९ ऑक्टोबरपर्यंत कोरियात सलग सुट्ट्या होत्या आणि छुसक ६ तारखेला, म्हणजे आपल्या कोजागरीलाच आला. दशैंच्या शेवटच्या दिवसांत तिथल्या अनेक नेपाळ्यांना मोकळीक मिळाली, ती कोरियन सणाच्या कृपेने.

ही मोकळीक कायद्याने आली. सरकारी सुट्ट्या भरपगारी देण्याची सक्ती आधी ३०० हून अधिक कामगारांच्या आस्थापनांना, मग टप्प्याटप्प्याने १ जानेवारी २०२२ पासून पाच कामगारांपर्यंतच्या आस्थापनांना लागू झाली. अर्थात कोरिया म्हणजे स्वर्ग नव्हे. शेती आणि मासेमारीतील मजूर कामाचे तास व सुट्ट्यांच्या नियमांतून तिथेही वगळलेले आहेत. डिसेंबर २०२० मध्ये पोचन येथे कडाक्याच्या थंडीत प्लास्टिकच्या शेडमध्ये राहणाऱ्या एका कंबोडियन शेतमजूर महिलेचा मृत्यू झाला, तेव्हा त्या देशालाही आरशात पाहावे लागले. पण एक गोष्ट तिथे आहे : कोणत्या देशाचा कोणता मजूर कोणत्या मालकाकडे आहे, याची नोंद.

आपला कायदा काय सांगतो?

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायच्या. त्या दिवशी काम करून घेतले तर दुप्पट पगार आणि बदली सुट्टी द्यावी लागते. कागदावर ही तरतूद उत्तम आहे, पण तिची मेख संख्येत आहे. कायदा झाला तेव्हा तो दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होता आणि ही मर्यादा २० वर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. तीन-चार माणसांवर चालणारे वाडीतले कॉटेज दोन्ही मर्यादांच्या बाहेरच राहते. दिवाळी बोनसचेही तेच. किमान ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार देणारी तरतूद २० कामगारांपासून पुढे लागू होते.

आंतरराज्य स्थलांतरित मजुराला वर्षातून एकदा गावी जाण्या-येण्याचे भाडे देण्याची तरतूद व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. पण तिथेही असे किमान दहा मजूर असण्याची अट आहे आणि नेपाळी माणूस कोणत्याच राज्याचा नसल्याने तो ‘आंतरराज्य’ ठरत नाही. १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे त्याला इथे येण्यास व्हिसा लागत नाही, राहण्या-कमावण्यास परवाना लागत नाही. ही मोठीच सोय आहे आणि ती टिकली पाहिजे. मात्र तिची दुसरी बाजूही आहे. ज्याला परवाना लागत नाही, त्याची मोजदाद कोणी करत नाही. ज्याची मोजदाद नाही, त्याच्या सुट्टीचा विचार कोणाच्या फायलीत येत नाही.

मालकांची अडचण खोटी आहे का?

नाही. दिवाळीच्या आठ-दहा दिवसांत अनेक कॉटेजांची मोठी कमाई होते. त्यातूनच पावसाळ्यातले रिकामे महिने, कर्जाचे हप्ते आणि वाडीची डागडुजी भागते. ऐन गर्दीत आचारी नसेल तर घरच्या बाईला चुलीपुढे उभे राहावे लागते आणि तिची दिवाळी जाते. शिवाय गेलेला माणूस परत येईलच, याचा भरवसा नसतो. म्हणून कुठे पगाराचा काही भाग मागे ठेवला जातो, कुठे ‘दिवाळी झाल्यावर बघू’ असे सांगितले जाते. पण ही युक्ती उलटतेच. अडवून ठेवलेला माणूस पहिली संधी मिळताच दुसरीकडे जातो आणि मालकाला दर हंगामात नवा माणूस शिकवत बसावे लागते. भरवसा पगार अडकवून येत नाही, शब्द पाळून येतो.

मग करता काय येईल?

उत्तर तिथींमध्येच आहे. दसरा ते लक्ष्मीपूजन हे अंतर दरवर्षी साधारण २० दिवसांचे असते. २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला दसरा आणि २१ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होते. दसऱ्याच्या पाच-सहा दिवस आधी निघालेला नेपाळी कामगार टिळा लावून, कोजागरी घरी करून वसुबारसेच्या आधी नागावात परत येऊ शकतो. दसऱ्याला जोडून आलेली सुट्टी सोडली, तर हे दिवस पर्यटनासाठी तुलनेने हलके असतात. म्हणजे मालकाच्या हंगामाशी टक्कर होते ती तिहारची, दशैंची नव्हे. तिहारला थांबणाऱ्याला दुप्पट पगार द्यावा, कायदा लागू असो वा नसो. ज्याला भाइटीकाच हवी आहे, त्याला दशैंला थांबवून तिहारला सोडावे. एका वर्षी एकाची पाळी, दुसऱ्या वर्षी दुसऱ्याची. बिहार-झारखंडच्या कामगाराचे छठ दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येते. त्याचीही पाळी याच तक्त्यात बसवता येईल.

हा निर्णय घ्यायचा केव्हा? रेल्वेच्या ६० दिवसांचा हिशेब केला तर जुलैअखेरीस किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला. तेव्हा नागावात पाऊस असतो, खोल्या रिकाम्या असतात आणि मालकाला बोलायला वेळ असतो. शेजारच्या चार-पाच कॉटेजांनी मिळून पाळ्या लावल्या, तर एकाचा आचारी गेला तरी दुसऱ्याचा हात मिळतो. कामगारांची साधी नोंदवही ग्रामपंचायतीने ठेवली, तर अपघातात किंवा आजारपणात घरी कळवण्यासाठीही ती उपयोगी पडेल. मात्र ती नोंद आधारासाठी असावी, हुसकावण्यासाठी नव्हे.

पर्यटकाचाही यात वाटा आहे. पाडव्याच्या रात्री बारा वाजता गरम जेवण मागण्याआधी ते कोण रांधणार आहे, एवढा विचार करायला पैसे पडत नाहीत.

कोकणाने हे का करावे?

कारण सणाला घरी जाणे म्हणजे काय, हे कोकणाइतके कोणाला कळते? चाकरमानी गणपतीला गावी निघतो तेव्हा रेल्वे जादा गाड्या सोडते, सरकार टोल माफ करते आणि मुंबईतला साहेब मुकाट्याने रजेवर सही करतो, कारण ‘गणपतीला सोडले नाही तर नोकरी सोडेन’ हे वाक्य त्याने ऐकलेले असते. हा मान कोकणी माणसाने गिरण्यांच्या काळापासून हट्टाने मिळवला. नागावातल्या नेपाळ्याला तसा हट्ट करता येत नाही. तो एकटा आहे, त्याला मत नाही, संघटना नाही. ज्यांच्या वाडवडिलांनी परमुलखात राबताना गावच्या सणाकडे डोळे लावले, त्यांच्या वाडीत आज दुसऱ्या कोणाचे तरी डोळे तसेच लागलेले आहेत. पंधरा दिवसांची रजा आणि वेळेवर काढलेले तिकीट, इतकीच ती मागणी आहे. पुढच्या पावसाळ्यात नागावच्या पडवीत बसून हा हिशेब मांडता येईल.