मोबाईलला वेगळा अँप्लिफायर लागतो काय?

बोरीवली स्टेशनच्या पश्चिमेला मोबाईलच्या सामानाची जी दुकाने आहेत, तेथे हल्ली एक नवी चीज काउंटरवर दिसू लागली आहे. बोटाएवढी डबी, एका टोकाला चार्जरसारखी पिन आणि दुसऱ्या टोकाला हेडफोन खुपसण्याचे भोक. भाव दीड-दोन हजारांपासून पुढे पाहिजे तितका. दुकानदार सांगतो की हा अँप्लिफायर आहे, मोबाईलचा आवाज कमजोर असतो, हा लावल्याशिवाय गाण्याचा खरा लुत्फ येत नाही. आमचा धंदा कापडाचा. पण दुकानातली पोरे आणि घरातली पोरे दोन्हीकडून ह्या डबीसाठी पैशांची मागणी होऊ लागली, तेव्हा ह्या मालाची नीट चौकशी करणे आम्हाला भाग पडले. चौकशीअंती आमचे मत असे झाले आहे की बहुतेक गिऱ्हाइकांना ह्या डबीची काहीही गरज नाही, थोड्यांना मात्र खरोखर आहे, आणि कोणाला आहे व कोणाला नाही हे हेडफोनच्या खोक्यावरचे दोन आकडे वाचून घरबसल्या ठरवता येते.

ज्या मोबाईलला हेडफोनचे भोक आहे त्याच्या पोटात अँप्लिफायर असतोच, नाहीतर आवाज निघालाच नसता. तो साधारण अर्धा ते एक व्होल्ट देतो. आता हेडफोनच्या खोक्यावर पाहावे. एक आकडा ओहमचा असतो, म्हणजे विजेला होणारा अडथळा. दुसरा डेसिबलचा, म्हणजे एक मिलिवॅट वीज दिली तर किती आवाज निघतो. लोकलमध्ये सर्रास दिसणारे वायरवाले इयरफोन १६ किंवा ३२ ओहमचे असतात आणि मिलिवॅटला १०० डेसिबलच्या आसपास आवाज देतात. ३२ ओहमला अर्धा व्होल्ट दिला की सुमारे ८ मिलिवॅट होतात, आणि आवाज १०९ डेसिबलपर्यंत जातो. एवढ्या आवाजाने कान किटून जातील. अशा इयरफोनला वरून अँप्लिफायर लावणे म्हणजे ज्या लूमला एक हॉर्सपॉवरची मोटर पुरते तिला तीन हॉर्सपॉवरची बसवणे होय. कापडाचा पोत त्याने सुधारत नाही. उलट असे नाजूक इयरफोन तगड्या अँप्लिफायरला लावले तर गाणे थांबल्यावर बारीक सूं-सूं ऐकू येते, ती वेगळीच.

खरी गरज कोणाला आहे? स्टुडिओतले किंवा शौकिनांचे मोठे हेडफोन वापरणाऱ्यांना. बायरडायनॅमिक कंपनीचा डीटी ७७० हा हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन जातींत येतो. दिसायला तिघे भाऊ सारखेच. पैकी २५० ओहमवाला मिलिवॅटला ९६ डेसिबल देतो. अर्ध्या व्होल्टवर त्याला जेमतेम एक मिलिवॅट मिळतो, म्हणजे ९६ डेसिबल, आणि तीही गाण्यातल्या सर्वात चढ्या क्षणाला. बाकीचे गाणे त्याच्या पंधरा-वीस डेसिबल खालीच चालते. हळू आवाजात रेकॉर्ड झालेला ख्याल किंवा सतारवादन ऐकायला बसलात तर आवाजाची पट्टी शेवटपर्यंत ओढूनही समाधान होणार नाही. येथे डबी कामाची आहे. प्लेनर नावाचे जे हेडफोन निघाले आहेत त्यांतले काही ओहमने हलके पण विजेचे मोठे खादाड असतात, त्यांनाही ती लागते. शिलाईच्या मशीनवर बसणाऱ्या किंवा दुकान सांभाळणाऱ्या माणसाकडे असले हेडफोन सहसा असत नाहीत.

एक फसगत येथे होते. काही दुकानदार फक्त ओहम वाचून दाखवतात आणि आकडा मोठा की अँप्लिफायर घ्याच म्हणतात. सेनहायजरचा एचडी ६५० हा ३०० ओहमचा आहे, पण एक व्होल्ट मिळाला तर तो १०३ डेसिबल देतो. ज्याचा मोबाईल पूर्ण व्होल्ट देतो त्याचे काम बिनाडबीचेही भागते. शिवाय काही कंपन्या डेसिबलचा आकडा मिलिवॅटवर छापतात तर काही व्होल्टवर. दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना करणे म्हणजे एका ताग्याची लांबी गजात आणि दुसऱ्याची मीटरमध्ये वाचून भाव ठरवणे. आपल्या पेठेत असे कोणी केले तर त्याला आपण काय म्हणू, ते येथे लिहीत नाही.

आता बिनाभोकाच्या मोबाईलचे. २०१६ मध्ये आयफोन ७ आला आणि त्याने हेडफोनचे भोक बंद केले. मागोमाग इतर कंपन्यांनीही तेच केले. अशा मोबाईलला वायरवाला हेडफोन लावायचा तर काहीतरी जोड लागतेच. ह्या जोडपिना दोन जातींच्या आहेत. एकीत चिप असते, जी मोबाईलकडून आलेल्या आकड्यांचा आवाज बनवते आणि तो वाढवूनही देते. म्हणजे चिपवाली साधी जोडपिन हीच एक छोटी अँप्लिफायर आहे, आणि इयरफोनला ती पुरून उरते. अॅपलची पांढरी जोडपिन साधारण एक व्होल्ट देते, युरोपात विकली जाणारी तिच्या निम्मे. मात्र काही अँड्रॉइड मोबाईलवर हीच पिन दबका आवाज देते, त्यामुळे घेण्यापूर्वी आपल्याच मोबाईलला लावून पाहावी. दुसऱ्या जातीत चिप नसते, नुसती तार असते. मोबाईल स्वतः आवाज बाहेर देणारा असेल तरच ती चालते, नाहीतर मुकी. लोक हीच स्वस्त पिन घेऊन जातात, आवाज येत नाही म्हणून परत येतात, आणि मग त्यांना सांगितले जाते की तुमच्या मोबाईलला मोठा अँप्लिफायर पाहिजे. ही सरळ लबाडी आहे. आमच्या मते मालाचा ऐब आधी सांगून मग पैसे घ्यावेत.

ज्यांच्या कानात ब्लूटूथ आहे त्यांचे एका वाक्यात. अँप्लिफायर त्यांच्या हेडफोनच्या आतच बसलेला आहे, मोबाईलला काहीही जोडले तरी फरक पडत नाही.

तरीही डबी लावली की गाणे छान वाटले, असे पोरे शपथेवर सांगतात. त्याचे कारण सोपे आहे. तेच गाणे जरा मोठ्याने वाजले की कानाला ते जास्त चांगले वाटते. दुकानात डबीशिवाय आवाज खाली ठेवतात आणि डबी लावून वर नेतात. आमच्या धंद्यात फिका रंग ट्यूबलाइटच्या झोतात उजळून दाखवणारे आहेतच. म्हणून मंगळदास मार्केटमध्ये जाणते गिऱ्हाईक कापड दाराशी उजेडात नेऊन पाहते. येथेही दोन्ही वेळा आवाज सारखा करून, कोणी तरी तिसऱ्याने अदलाबदल करावी, आणि ऐकणाऱ्याने डोळे मिटून सांगावे. फरक कळला तर खुशाल घ्या.

आवाज कमी पडतो ही तक्रार मात्र खोटी नसते. बोरीवलीहून मरीन लाइन्सपर्यंत गर्दीच्या डब्यात, किंवा मालवणी-जोगेश्वरीच्या कारखान्यात दहा-बारा मशीन एकदम चालू असताना, गाणे ऐकू येत नाही हे खरेच आहे. पण तो दोष बाहेरच्या गोंगाटाचा आहे. त्याला उपाय कान नीट बंद करणारी रबराची टिप, जी पन्नास-शंभरात मिळते. गोंगाटावर आवाज चढवत नेला तर कान जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते, आणि १०० डेसिबलला आठवड्याभरात फक्त २० मिनिटे उरतात. कारागीर दिवसाचे दहा तास मशीनवर असतो. भिवंडीच्या लूमवर उमर घालवलेल्या माणसांशी आपण ओरडून बोलतो ते कशामुळे, हे वाचकांना माहीत आहे. लूमचा आवाज त्यांना पोटासाठी सोसावा लागला, हा आवाज मात्र आपली पोरे पैसे देऊन विकत घेत आहेत.

मोबाईलच्या सामानाचा धंदा करणाऱ्या आमच्या बांधवांसाठी थोडे. महागड्या डब्यांपैकी बऱ्याच डब्यांत माइकची जोड नसते, गाणे ऐकू येते पण फोनवर बोलता येत नाही. दिवसभर भाव विचारणाऱ्या व्यापाऱ्याला ती विकाल तर संध्याकाळी परत येईल. चिपवाल्या आणि बिनाचिपच्या पिना वेगळ्या डब्यांत ठेवून तसे मराठीत लिहून लावावे. आणि आयफोनच्या जुन्या पिनचा माल आता भरू नये. २०२३ मध्ये आयफोन १५ पासून ती पिन बदलली आहे, जुन्या फोनवाल्यांसाठी चार-सहा नग पुरेत.