मंगळसूत्र म्हणजे औषध नव्हे!

लग्नाला घाबरणारा नायक मराठी मालिकेत आला की पुढचे सारे प्रेक्षकाला पाठ असते. आई छातीला हात लावून कोसळते, सोज्वळ मुलगी शोधली जाते, अक्षता पडतात आणि महिनाभरात गडी ताळ्यावर येतो. पण त्याला भीती कशाची होती? बापाच्या दारूची? लहानपणी दाराआडून पाहिलेल्या आईच्या माराची? हे विचारण्याची हिंमत आमच्या वाहिन्यांत नाही! कारण तसे विचारले की देव्हाऱ्यात बसवलेले कुटुंबच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहते.

'माझ्या नवऱ्याची बायको' ही मालिका 2016 ते 2021 अशी चालली. बायकोला फसवणारा गुरुनाथ असा का वागतो, यापेक्षा बायको राधिका जिंकणार की प्रेयसी शनाया, याच झुंजीवर ती रंगली. दोन बायका एकमेकींच्या अंगावर सोडल्या की पुरुषाच्या मनाचा पंचनामा आपोआप टळतो!

अमेरिकेतल्या 'मॅड मेन' या मालिकेने (2007 ते 2015) हा पंचनामा टाळला नाही. नायक डॉन ड्रेपरची आई वेश्या; ती बाळंतपणातच गेली. बाप घोड्याच्या लाथेने मेला आणि सावत्र आईने पोराला त्याचा जन्म कधी विसरू दिला नाही. पुढे कोरियाच्या युद्धात मेलेल्या अधिकाऱ्याचे नाव चोरून तो जगला. ज्याला आपले खरे नाव बायकोपुढे उच्चारता येत नाही, तो तिच्याशी एकनिष्ठ कसा राहणार? तरी मालिका त्याला निर्दोष सोडत नाही. बेट्टी आणि सॅली, त्याची बायको आणि मुलगी, यांनी मोजलेली किंमतही ती दाखवते.

हे पाश्चात्त्यांचे खूळ म्हणून झटकणाऱ्यांनी स्वतःची रंगभूमी आठवावी. 1967 साली विजय तेंडुलकरांनी 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये नायिका लीला बेणारेला कोवळ्या वयात फसवणारा तिचा सख्खा मामा लुटुपुटूच्या कोर्टात उघडा पाडला. जे नाटकाने तेव्हा केले, ते रोज रात्री घराघरांत शिरणाऱ्या मालिकांना आजही झेपू नये?

लेखकांनो, नायकाला बोहल्यावर चढवण्याआधी समुपदेशकासमोर बसवा. त्याला बापाला जाब विचारू द्या. तो बरा होईलच असे नाही, तेही दाखवा!

आणि आईबापहो, 'लग्न लावून द्या, सुधारेल' या एका वाक्यावर परक्याची लेक पणाला लावू नका. लग्नाची तारीख काढण्याआधी मुलाशी बोला. तो तुमच्याशी बोलणार नसेल, तर सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा 14416 हा क्रमांक त्याच्या हाती द्या. तिथे मोफत बोलता येते.