दुसरं घर घेताय? आधी श्वास घेऊन बघा!

'अगं, आम्ही घर घेतोय. डोंगरात!' डेन्व्हरहून ताईचा फोन आला, तेव्हा मला आधी वाटलं ही लोणावळ्याबद्दल बोलतेय. आपल्याकडे प्रमोशन मिळालं, गाडीचे हप्ते संपले की पुढचा नंबर विकेंड होमचाच लागतो ना! पण ताईचा डोंगर वेगळा होता. रॉकी माउंटन्स, अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधला. ती आणि जिजू दोघंही स्कीइंगच्या जाम प्रेमात. दर विकेंडला हॉटेलवर पैसे उधळण्यापेक्षा दोन बेडरूमचा कॉन्डो घ्यायचा, आपण नसू तेव्हा भाड्याने द्यायचा, हप्ता आपोआप सुटेल, असा एकूण फंडा. डाउन पेमेंटसाठी पुण्यातला फ्लॅट विकायचा. तोच फ्लॅट, जो 'कधी परत यावंसं वाटलं तर' म्हणून दहा वर्षं ठेवलाय.

गेल्या जानेवारीत मी आणि मावशी त्यांच्याकडे पंधरा दिवस होतो. त्यामुळे या 'साइट व्हिजिट'ला आम्हीही गाडीत. शॉर्टलिस्टवर चार नावं होती: ब्रेकेनरिज, कीस्टोन, कॉपर माउंटन आणि व्हेल. चौघं अगदी शेजारी. पहिली तीन एकाच समिट काउंटीत, व्हेल पलीकडच्या काउंटीत. ब्रोशरमध्ये चारही सारखेच दिसतात. बर्फ, निळं आकाश आणि हातात हॉट चॉकलेट घेतलेली हसरी फॅमिली. प्रत्यक्षात मात्र चौघांचा स्वभाव एकदम वेगळा.

ब्रेकेनरिज हे खरंखुरं गाव आहे. १८५९ साली सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांनी वसवलेलं. स्की रिसॉर्ट आलं ते १९६१ मध्ये. रंगीत लाकडी घरांचा मेन स्ट्रीट, दुकानं, पब, गावातून थेट डोंगराकडे नेणारी फुकट गोंडोला. संध्याकाळी स्की काढून ठेवल्यावरही करायला खूप काही. ताई इथेच फ्लॅट झाली. व्हेलची गोष्ट उलटी. १९६२ पूर्वी तिथे गावच नव्हतं. रिसॉर्ट झालं आणि त्याच्यासाठी युरोपातल्या आल्प्सची आठवण करून देणारं गाव उभं राहिलं. डोंगर प्रचंड, मागच्या बाजूचे बॅक बोल्स म्हणजे स्कीवाल्यांची पंढरी. भाव बघून जिजू पाचच मिनिटांत गाडीत येऊन बसले.

१९७० मध्ये सुरू झालेल्या कीस्टोनला रात्री दिवे लावून स्कीइंग चालतं. शुक्रवारी ऑफिस लवकर आटोपून निघालात तरी दिवस वसूल. कॉपर १९७२ चं. तिथला डोंगर निसर्गानेच वाटून दिल्यासारखा आहे. एका टोकाला नवशिके, मध्ये मध्यम, दुसऱ्या टोकाला उस्ताद. कोणी कोणाच्या अंगावर येत नाही! पण लिफ्ट बंद झाल्यावर गावपण शोधाल, तर फारसं सापडणार नाही.

आता एक कळीचा मुद्दा. पास. ब्रेकेनरिज, कीस्टोन आणि व्हेल एकाच कंपनीचे, त्यामुळे एपिक पासवर चालतात. कॉपर आयकॉन पासवर. म्हणजे घर कुठे घेता यावर तुम्ही पुढची दहा वर्षं कुठल्या डोंगरांवर घसरणार, हे बऱ्यापैकी ठरून जातं. घर एका पासच्या दारात आणि मित्रमंडळी दुसऱ्या पासची, असं झालं तर काय मजा?

दुसरा मुद्दा रस्ता. डेन्व्हरहून समिट काउंटी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, व्हेल दीडशेच्या पुढे. ऐकायला मुंबई-पुणे. पण सगळ्यांना जायचं असतं ते आय-सेव्हन्टी याच हायवेने, सुमारे ३,४०० मीटर उंचीवरच्या आयझेनहॉवर बोगद्यातून. शनिवारी सकाळी सगळे वर, रविवारी दुपारी सगळे खाली. खंडाळ्याच्या घाटात रविवारी रात्री अडकलेल्यांना जास्त सांगायला नको. फक्त इथे वरून बर्फही पडत असतो आणि सप्टेंबर ते मे त्या पट्ट्यात बर्फाला चालतील असे टायर कायद्याने लागतात. व्हेलला जायचं तर बोगद्यानंतर आणखी एक खिंड, व्हेल पास. वादळात तीही बंद होऊ शकते. आम्हाला परत यायला साडेचार तास लागले. ताई म्हणाली, 'हे दर रविवारी?' जिजू काहीच बोलले नाहीत.

आणि भाड्याचा फंडा? इथे खरी गोची आहे. बाहेरचे लोक घरं घेऊन पर्यटकांना देतात, मग लिफ्ट चालवणाऱ्या, हॉटेलात राबणाऱ्या माणसांना राहायला जागा उरत नाही. म्हणून ब्रेकेनरिजने २०२१ पासून अशा अल्पकाळ भाड्याच्या परवान्यांवर मर्यादा घातली, पुढे गावाचे झोन पाडले. समिट काउंटीनेही गावांबाहेरच्या वस्त्यांसाठी नियम कडक केले. आधीच्या मालकाचा परवाना घराबरोबर आपल्याला मिळेल, असं गृहीत धरून चालत नाही. एजंट 'रेंटल इन्कम'चे आकडे दाखवेल, पण ते गेल्या मालकाचे. शिवाय सोसायटीचा मेंटेनन्स आहेच. बर्फ उपसणं, हॉट टब, शटल, सगळं त्यात. छत बदलायचं निघालं तर वेगळी वर्गणी. ब्रेकेनरिज आणि व्हेलमध्ये खरेदीवर १ टक्का ट्रान्सफर टॅक्स. कीस्टोन २०२४ मध्ये स्वतंत्र गाव झालं, पण कोलोरॅडोत १९९२ पासून असा नवीन कर लावायला बंदी असल्याने तिथे तो येणार नाही. अशा गोष्टी ब्रोशरमध्ये नसतात, बॉस!

पण निर्णय यातल्या कशानेच झाला नाही. झाला मावशीमुळे.

डेन्व्हर १,६०९ मीटरवर आहे. म्हणजे जवळपास आपल्या कळसूबाईच्या शिखराएवढं. मावशीला तिथे काही त्रास नव्हता. ब्रेकेनरिज गाव २,९०० मीटरच्या वर. समुद्रसपाटीच्या तुलनेत तिथे हवेचा दाब सुमारे ३० टक्के कमी. पहिल्या रात्री तिचं डोकं दुखायला लागलं, झोप नाही. दुसऱ्या रात्री पहाटे तीनला मी उठले तर ती खिडकीशी बसलेली. 'पडलं की धाप लागते गं. ताईला उठवू नकोस, बिचारी खुशीत आहे.' मी अर्थातच उठवलं. सकाळी डॉक्टर म्हणाले, उंचीचा त्रास आहे, खाली न्या. डेन्व्हरला उतरल्यावर दुपारपर्यंत मावशी भाकरी थापत होती.

त्या रात्री ताई मला म्हणाली, 'आई वर्षातले चार महिने इथे असते. तिला राहता येणार नाही असं घर घेण्यासाठी मी तिच्या शेजारचा फ्लॅट विकत होते.' व्हेल सुमारे २,५०० मीटरवर, म्हणजे थोडं सुसह्य. पण ते बजेटच्या बाहेर आणि दोन खिंडींच्या पलीकडे.

तर मंडळी, घर घेतलेलं नाही. येत्या हिवाळ्यासाठी त्यांनी सिल्व्हरथॉर्नला सहा महिने जागा भाड्याने घेतलीय. बोगदा ओलांडला की पहिलंच गाव. तिथून काउंटीची फुकट बस तिन्ही रिसॉर्टना जाते. सहा महिन्यांत किती विकेंड खरंच जाणं होतं, ते जिजू कॅलेंडरवर मांडणार आहेत. अठरापेक्षा कमी भरले तर विषय बंद, असं ठरलंय.

तुमच्या डोक्यात मुळशी किंवा पाचगणी घोळत असेल, तर हीच युक्ती करा. सही करण्याआधी एक पूर्ण पावसाळा तिथे भाड्याने काढा. धुक्यात, लाइट गेलेली असताना, रविवारच्या ट्रॅफिकमध्ये. आणि घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाला दोन रात्री तिथे झोपवून बघा.

पुण्यातल्या फ्लॅटची किल्ली अजून मावशीच्याच पर्समध्ये आहे. परवा जाऊन तिने नळ गळत होता तो दुरुस्त करून घेतला.