खऱ्या उत्तराचे दाम

मुंबई, ठाणे, पुणे येथील मध्यमवर्गीय वस्त्यांतून दुपारची झाकपाक उरकल्यावर ‘जरा मीटिंगला जाऊन येते’ असे शेजारणीस सांगून ज्या गृहिणी बाहेर पडतात, त्यांपैकी काहींची मीटिंग एखाद्या सोसायटीतील भाड्याच्या फ्लॅटमध्ये भरते. तेथे सहा-आठ जणी गोलाकार बसतात, चहा-बिस्किटे येतात, ‘ताई, बादलीत आधी पावडर टाकता की पाणी?’ अशा साध्या प्रश्नांनी एक मृदुभाषी संचालिका त्यांना दीड-दोन तास बोलते करते, शेजारच्या खोलीत कंपनीची माणसे पडद्यावर हे सारे पाहत असतात, आणि निघताना व्हाउचरवर सही घेऊन प्रत्येकीच्या हाती पाकीट किंवा एखादी भेटवस्तू ठेवली जाते. फोकस ग्रुप म्हणतात तो हाच. त्या पाकिटाकडे फुकटची कमाई म्हणून पाहणारे पुष्कळ आहेत. मला मात्र ते अर्थार्जन सर्वस्वी सन्मान्य वाटते.

बोअरच्या जड पाण्यात कोणता साबण फेसाळत नाही, पाच माणसांच्या घरात तेलाची पिशवी कितव्या दिवशी संपते, महिनाअखेरीस कोणत्या जिनसेवर प्रथम काट मारली जाते, हे ज्ञान कोणत्याही प्रयोगशाळेत निर्माण होत नाही; वर्षानुवर्षे संसार हाकताना ते जिने मिळविले, तिच्याकडून ते घेणाऱ्याने त्याचा मोबदला देणे हा उपकार नव्हे, तो साधा व्यवहार आहे.

या पद्धतीचा उगमही अशाच जिज्ञासेत आहे. 1941 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पॉल लाझर्सफेल्ड यांनी रेडिओच्या श्रोत्यांस एकत्र बसवून कार्यक्रम आवडला तर हिरवे व नावडला तर तांबडे बटण दाबावयास सांगितले असता, तेथे आलेले समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी ‘का आवडला, का नावडला’ याचा शोध घेणारी मुलाखतीची रीत पुढे सिद्ध केली. मात्र अशा बैठकांतून केवळ अनुमाने हाती येतात आणि ती व्यापक पाहणीने पडताळून घेतली पाहिजेत, असे त्याच मर्टन यांनी 1987 साली आवर्जून लिहिले. जेथे मूठभरांच्या बोलण्यावर पुढचे सारे अनुमान उभे राहावयाचे, तेथे ते बोलणे खरे असणे किती निकडीचे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

आणि नेमकी तेथेच कीड लागली आहे. कुटुंबाचा स्तर ठरविण्यासाठी 2011 पासून आपल्याकडे जी वर्गवारी रूढ झाली, तीत मुख्य कमावत्या व्यक्तीचे शिक्षण आणि पंखा, फ्रिज, वॉशिंग मशीन, मोटार, शेतजमीन अशा अकरा बाबींपैकी घरी किती आहेत, एवढ्यावर हिशेब होतो. हव्या त्या स्तराच्या, अमुक ब्रँड वापरणाऱ्या आणि अलीकडे कोणत्याही बैठकीस न गेलेल्या बायका ठरल्या मुदतीत हजर करण्याची जोखीम ज्या स्थानिक मध्यस्थ बाईवर पडते, तिला बहुधा डोईमागे पैसे मिळतात. मग जिन्यातच पढवणी होते: ‘ताई, विचारलं तर सहा महिन्यांत कुठेच गेले नाही म्हणा, आणि घरी मशीन आहे असं सांगा.’ ताई तसे सांगते, पाकीट घेते, आणि रोज बादलीत कपडे पिळणारे तिचे घर त्या दप्तरातून नाहीसे होते. उद्या जी वस्तू बाजारात येईल, ती कुठेच नसलेल्या घरासाठी घडविलेली असेल. या असत्यात तिचा वाटा आहेच. परंतु माझ्या मते खरा दोष, अशक्य मुदत आणि तुटपुंजा दर ठरवून जिन्यातल्या त्या बोलण्याकडे कानाडोळा करणाऱ्यांचा आहे.

म्हणून या बैठकांस जाणाऱ्या भगिनींना माझे सांगणे असे की, अवश्य जा, पैसे उजळ माथ्याने घ्या, पण घरी जे नाही ते आहे म्हणू नका. अपात्र ठरलात तर एक पाकीट बुडेल, इतकेच. नोंदणीसाठी उलट तुमच्याकडूनच रक्कम मागणारा इसम मात्र निखालस भामटा समजावा. कंपन्यांकडे मागणे याहून मोठे आहे. मोबदल्याचा आकडा आधी सांगावा. भेटवस्तूऐवजी रोख रक्कम द्यावी किंवा खात्यावर भरावी. आणि संख्या पुरी झाली म्हणून जिला दारातून परत पाठविले जाते, तिलाही भाडे व वेळ यांची भरपाई मिळावी, कारण तिनेही दुपार मोडूनच यावयाचे कबूल केलेले असते. चित्रीकरणाच्या संमतीचा जो कागद घाईघाईने पुढे सरकविला जातो, तोही तिला वाचता आला पाहिजे. डिजिटल माहितीच्या संरक्षणाच्या 2023 च्या कायद्याने अशी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत मिळण्याची तरतूद केली आहे आणि त्या अनुसूचीत मराठी आहे, तेव्हा सही करण्यापूर्वी तो मजकूर मराठीत मागावा, आणि मिळेपर्यंत सही करू नये.